रायरांचा आपटा

त्यांच्या घरात भाड्याने राहायचं तर एकच अट होती. उशिरा आलात तरी चालेल, ओट्यावर चार मित्र आणून गप्पा मारल्यात तरी चालेल, पण अंगणातलं काहीही उपटायचं नाही.

“काहीही म्हणजे?” मी विचारलं.

“काहीही म्हणजे काहीही. तुम्ही गवत म्हणून उपटाल आणि ती निघेल कोणाची तरी आजी.”

मी तेव्हा नुकताच साताऱ्याहून तंजावरला आलो होतो. पन्नास सालानंतरचा तो काळ. मराठे राजांच्या वेळचे मोडी कागद वाचून त्यांच्या बाळबोध नकला करायच्या, असलं एक काम मला मिळालं होतं. तमिळ येत नव्हतं, जेवणात रोजच्या चिंचेची सवय नव्हती, आणि आता घरमालक हा असा. पण खोलीची खिडकी मोठी होती आणि घरमालक मराठी बोलत होते. ‘मजला’, ‘तुजला’, ‘कोठें’ हे शब्द मी दिवसभर जुन्या कागदांवर वाचत असे. संध्याकाळी ओट्यावर तेच शब्द तमिळ हेल काढून, मध्ये काफीचा घोट घेत माझ्याशी बोलू लागत. त्यांना देवनागरी वाचता येत नसे, मला रस्त्यावरची पाटी वाचता येत नसे. आमचं बरं जमलं.

गावात त्यांना ‘पच्चिलै रायर’ म्हणत. तिकडे मराठी घराण्यातल्या माणसाला तमिळ लोक रायर म्हणतात, आणि पच्चिलै म्हणजे हिरवा पाला. मी त्यांना मामा म्हणू लागलो. मामा दोन्ही भाषांत चालतो.

मामांनी उभी नोकरी रेल्वेच्या पार्सल कचेरीत काढली होती. पोती, करंड्या, खोकी यांच्यावरची नावं वाचायची आणि कोणता माल कोठून निघाला, कोठं जायचा, ते पाहायचं. पोत्यांच्या शिवणीत, सुतळीच्या पिळात परगावच्या मातीबरोबर परगावचं बीही अडकून येई. साहेब जेवायला गेला की मामा पोती झटकत. झटकलेलं बी खाकी सदऱ्याच्या खिशात जाई आणि खिशातून अंगणात. ऐन कार्तिकात, म्हणजे तिकडच्या पावसाळ्यात, एकदा सदरा दोरीवर राहिला, पावसाची झड लागली, आणि खिशातून हिरवे कोंब वर आले. धोब्याने तो सदरा घ्यायला नकार दिला. मामांनी तो कोंबांसकट खुंटीला टांगला आणि रोज त्याला पाणी घालू लागले. बी कशाचं आहे हे कळेपर्यंत तो तसाच राहिला.

“मग? कशाचं निघालं?” मी विचारलं.

“धने,” ते हिरमुसून म्हणाले. “इतकं करून धने.”

पहिल्या रविवारी त्यांनी मला अंगणातल्या सगळ्यांची ओळख करून दिली. नव्या सुनेला चुलत्या-आत्यांची करून देतात तशी. प्रत्येकापाशी थांबून ते विचारत, “हिला तुमच्याकडे काय म्हणतात?” आणि मी म्हणे, “गवत.” तिसऱ्यांदा असं झाल्यावर त्यांनी विचारणं सोडलं.

“ही कुप्पैमेनी,” ते म्हणाले. “हिच्या पाल्याचा रस मीठ घालून खरजेला लावतात. पण खरी गिऱ्हाईक ती पाहा.” शेजाऱ्यांची मांजर झुडपाची मुळी उकरून तिच्यावर डोळे मिटून लोळत होती. मद्रास इलाख्यात तेव्हा दारूबंदी होती. मामांच्या मते हे एवढं एकच दुकान उघडं राहिलं होतं.

पुढे भुईआवळी. तिच्या पानाखाली राईएवढी फळं लपलेली. कावीळ झाली की घरोघर ती वाटून ताकातून देत. कोणी औषध विचारायला आलं की मात्र मामा हात जोडत. “मी वैद्य नव्हे. मी पार्सल कारकून. कोण कोठून आलं, कोठं पोचलं, एवढंच सांगीन.” आणि तेवढं सांगायला त्यांना तासभर लागे. निर्गुडी कोपऱ्यात होती. तिचा वाळका पाला भाताच्या कणगीत घालत, म्हणजे किडा लागत नाही, आणि ओला पाला जाळला की धुराने डास जातात. डासांबरोबर भाडेकरूही जातात, हे त्यांना मी येईपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं.

दगडी पाल्यापाशी ते आदराने उभे राहिले. “ही समुद्रापलीकडची. जहाजातून आली. पण तुमचं बोट कापलं तर आधी धावेल ती हीच. रक्त थांबवते.” मग पपई, पेरू, टोमॅटो, मिरची हे सगळे जहाजाचे पाहुणे त्यांनी मोजून दाखवले.

“आणि आपण?” मी विचारलं.

“आपण घोड्यावरून आलो. मिरची आपल्याआधी आली. म्हणून सांबारात तिचा मान मोठा.”

अगस्तीचं झाड दिसलं तेव्हा मला प्रथमच काही सांगता आलं. “हा हदगा!” मी ओरडलो. “आमच्याकडे मुली हदग्याची गाणी म्हणतात.” तिकडे अगस्तीवर विड्याच्या पानांचे वेल चढवतात, आणि एकादशी सोडताना द्वादशीला तिची भाजी लागतेच, पण गाणी म्हणतात हे मामांना नवीन होतं. “म्हणा,” ते म्हणाले. मी म्हटलं, ती मुली म्हणतात. “मुली साताऱ्यात राहिल्या. तुम्ही म्हणा.” मी स्वभावाने बुजरा माणूस. त्या संध्याकाळी तंजावरच्या एका ओट्यावर, समोरच्या घरातली सगळी मंडळी दाराशी येऊन उभी असताना, मी आयुष्यातलं एकमेव हदग्याचं गाणं म्हटलं.

त्यांचा एक खेळ होता. उपरण्याने डोळे बांधून ओट्यावर बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याने हातात कोणतंही पान द्यावं. पान बोटांत दुमडून पाहायचं, अंगठ्याने पाठ चाचपायची, जमलंच नाही तर चुरगळून वास. बहुतेक वेळा वासापर्यंत जावंच लागत नसे. एकदा एका टारगट कॉलेजवाल्याने त्यांच्या हातात प्लास्टिकचं पान ठेवलं. मामांनी ते दुमडलं, चाचपलं, हुंगलं.

“मद्रासहून आलं,” ते म्हणाले.

पण हा सगळा विनोद एका गोष्टीपाशी संपे. झाडाला कोणी चुकीचं नाव दिलं की त्यांना राहवत नसे. एका लग्नात मांडवाच्या दाराशी लावलेल्या उंच झाडांना वरपित्याने कौतुकाने अशोक म्हटलं. तो अशोक नव्हे, नेट्टिलिंगम आहे, सीता बसली तो अशोक वेगळा, त्याला केशरी फुलं येतात, हे मामांनी त्याला मंगलाष्टकं चालू असताना सांगितलं. मुहूर्त टळला नाही, पण थोडक्यात. देवळाच्या वाटेवर एक फुलवाली कदंबम् विकत बसे. रंगीत फुलं, मरवा, दवणा यांची ती दाट माळ तंजावरचीच. तिच्यासमोर उभं राहून मामा गिऱ्हाइकांना दवण्याचा इतिहास सांगू लागले की ती पाण्याचा हात झटकून म्हणे, “रायरे, पू वांगुंगो, पाडम वेण्डाम!” म्हणजे रायर, फुलं घ्या, धडा नको.

“तुम्ही जाऊ द्या ना,” मी एकदा म्हटलं. “नावात काय एवढं?”

ते रागावले नाहीत. पण समजूत घातल्यासारखं म्हणाले, “सातारकर, पार्सलावरचं नाव चुकलं की माल भलत्या घरी जातो. मी उभा जन्म तेवढंच सांभाळलो.”

या एका बाबतीत त्यांच्यावर वरचढ असं माणूस गावात एकच होतं, ती त्यांची अक्का. आई गेली तेव्हा मामा लहान होते; मोठ्या बहिणीनेच त्यांना वाढवलं. आता ती दोन गल्ल्या पलीकडे एकटीच राहत असे. ठेंगणी, ताठ, नऊवारी नेसलेली, कानात कुडी. रोज सकाळी ती भावाकडे येई, अंगणातून चालताना पदर सावरून म्हणे, “हे रान साफ कर, एक दिवस साप निघेल.” मामा म्हणत, “निघाला तर नाव विचारून घेऊ.” मग ती काफी करी, आणि दोघं काही न बोलता पीत बसत. मला ती ‘अरे सातारा’ अशी हाक मारी, जणू सगळा जिल्हा समोर उभा आहे.

तिच्या परसात एक झाड होतं. आईने लावलेलं, फांद्या पसरलेल्या, जोडपानाचं. त्या घरात दसऱ्याला सोनं म्हणून त्याचीच पानं वाटत. आईने वाटली, आता अक्का वाटे. दसऱ्याच्या संध्याकाळी ती ओळखीच्या घरी पहिलं पान स्वतः घेऊन जाई, आणि त्यातलंही पहिलं भावाला.

आता माझ्यामुळे काय झालं ते सांगायला हवं. माझ्या एका पुस्तकात आदल्या दसऱ्याचं आपट्याचं पान होतं. वडिलांनी डोंगरातून आणून दिलेलं. एका संध्याकाळी ओट्यावर वाचत असताना ते खाली पडलं. मामांनी उचललं. सवयीप्रमाणे दुमडलं, अंगठा फिरवला, आणि एकदम उठून आत गेले. बाहेर आले ते सदऱ्याच्या खिशातून दुसरं पान काढत. कालव्याकाठच्या एका खेड्यात शंकराच्या देवळामागे एक वाकडंतिकडं, फांद्या खाली सोडलेलं झाड त्यांना काही दिवसांपूर्वी दिसलं होतं, त्याचं. दोन्ही पानं लहान, लांबीपेक्षा रुंद, मधोमध दुभंगलेली, जाड, चामड्यासारखी.

“याला इथं आत्ती म्हणतात,” मामा म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. “चोळ राजे गळ्यात माळ घालत ती याच्या फुलांची. सातारकर, तुमचं सोनं आणि चोळांची माळ एकाच झाडाची आहे!”

त्या रात्री ते जेवले की नाही मला ठाऊक नाही. सारखे येरझाऱ्या घालत होते. मराठे इतक्या लांब आले, राज्य केलं, त्यांचं राज्य गेलं. आणि आपल्या मुलखात राहिलं म्हणून इथली बाकीची मराठी घरं दर दसऱ्याला ज्या झाडाची हळहळ करत होती, ते इथं त्यांच्या आधीपासून उभं होतं. फक्त दुसऱ्या नावाने. या गोष्टीचा त्यांना इतका आनंद झाला होता की तिची दुसरी बाजू त्यांच्या लक्षातच आली नाही. किंवा आली, आणि ती त्यांना सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

दसऱ्याला अक्का आली. ओट्यावर पाचसात माणसं होती. तिने भावाच्या हातात पान ठेवलं.

“सोन्यासारखा राहा,” ती म्हणाली.

मामांनी पान दुमडलं. “अक्का, हे सोनं नव्हे. हे मंदारै. आपटा वेगळा आहे, मजला सापडला.”

मंदारै म्हणजे आपल्याकडचं कांचन. हिवाळ्यात गुलाबी फुलं येतात ते. त्याची पानं मोठी, मऊ. पत्रावळी लावायला छान.

“आई हेच देत होती,” अक्का म्हणाली.

“मग आईही चुकली.”

अक्काने भावाच्या बोटांतून ते पान परत काढून घेतलं, मूठ मिटली, आणि पायऱ्या उतरून गेली. मामा तिच्या पाठीकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “पण ती मंदारैच आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी काफीला ती आली नाही. त्यानंतर आलीच नाही.

दोघांचं बोलणं आता माझ्यामार्फत चाले. “अरे सातारा, तुझ्या घरमालकांना सांग, पोंगलचा गूळ आणून ठेवला आहे, न्यायचा तर न्यावा.” “सातारकर, त्या बाईंना सांगा, रथसप्तमीला रुईची पानं लागतील ती मी पाठवतो, रस्त्यावरची धुळीची घेऊ नयेत.” त्या दिवशी रुईची पानं डोक्यावर आणि खांद्यांवर ठेवून अंघोळ करतात. पानं मी नेऊन दिली. अक्काने ती घेतली आणि म्हणाली, “ही तरी रुईच आहे ना, विचारून ये.” एकदा देवळात दोघं समोरासमोर आले. मामा खांबाला म्हणाले, “प्रकृती बरी आहे ना?” अक्का नंदीला म्हणाली, “बरी आहे.”

मामांना वाटे, यावर उपाय एकच. ते त्या खेड्याला सायकलने गेले आणि आत्तीच्या शेंगा घेऊन आले. बी कडक. कोमट पाण्यात भिजवलं, कुजलं. घासून पेरलं, मुंग्यांनी नेलं. शेवटी एक उगवलं. त्यांनी अंगणाच्या मधोमध, पार्सलाच्या जुन्या फळ्यांचं कुंपण करून, ते लावलं आणि लहान मुलाच्या पाळण्यापाशी बसावं तसे त्याच्यापाशी बसू लागले.

“आईच्या पानाच्या जागी मी अक्काला काय देणार?” ते मला म्हणाले. “हिला चार पानं जास्त येऊ देत. दसऱ्याला खरं पान तिच्या हातात ठेवीन. हाताला फरक कळतो. मग ती म्हणेल, सरि, तुझं बरोबर होतं.”

ती असं कधीच म्हणणार नाही हे गावातल्या शेळ्यामेंढ्यांनाही ठाऊक होतं. पण त्यांची सगळी भिस्त त्या रोपावर होती. रोप मोठं होईल, अक्का परत येईल.

मधला दसरा तसाच गेला, रोप तेव्हा जेमतेम बोटभर होतं. त्यानंतरचा पोंगल झाल्यावर मामांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मोतीबिंदू. मुलगा मद्रासला होता, तो न्यायला आला. जाताना मामांनी घराच्या किल्ल्या माझ्याकडे दिल्या आणि आत्तीला पाणी किती घालायचं ते तीन वेळा सांगितलं.

ते गेले त्याच दुपारी फाटक वाजलं. अक्का कळशी घेऊन उभी होती.

“अरे सातारा, तू पुस्तकातला माणूस. झाडं मारशील. बाजूला हो.”

“तुमचं तर…”

“भांडण त्याच्याशी आहे. झाडांशी नव्हे.”

ती रोज येऊ लागली. ज्या रानाला ती आयुष्यभर नावं ठेवत आली त्यातल्या प्रत्येकाला किती पाणी लागतं हे तिला पाठ होतं. आत्तीच्या कुंपणापाशी मात्र ती उभ्यानेच पाणी ओती, तोंड फिरवून.

मग एके दिवशी दूधवाल्याने फाटक उघडं ठेवलं. मी कामावरून आलो तेव्हा अक्का अंगणाच्या मध्ये उभी होती. फळ्या आडव्या पडलेल्या. भिजलेल्या मऊ मातीतून शेळीने रोप मुळासकट उपटून खाल्लं होतं. दोन पानं तेवढी बाजूला पडली होती.

“अय्यो,” अक्का म्हणाली. “गेलं म्हणून आता ओरडेल. ओरडू दे. कोठल्या तरी रानातलं झुडूप.”

“अक्का,” मी म्हटलं, “ते तुमच्यासाठी होतं.”

“काय?”

“दसऱ्याला तुम्हाला पान द्यायचं म्हणून वाढवत होते. ते दिल्यावर तुम्ही बोलाल, असं त्यांना वाटतं.”

तिने त्या खळग्याकडे पाहिलं. मग कळशी तिथेच ठेवून निघून गेली. परतली ती करवंटीत एक रोप घेऊन. आईच्या झाडाखाली अशी रोपं पावसानंतर पुष्कळ उगवत. तिने पदर खोचला, खळगा सारखा केला, आणि ते रोप तिथे लावलं.

“हे मंदारैचं आहे,” मी म्हणालो.

“पान दुभंगलेलं आहे ना? झालं तर.”

“त्यांना कळेल.”

“डोळ्यावर पट्टी असेल. पट्टी निघेपर्यंत रोप रुजेल.” हात धुता धुता ती म्हणाली, “आणि तू काही सांगू नकोस. त्याने विचारलं तर सांग. आपणहून नको.”

मामा आले तेव्हा एका डोळ्यावर खरोखरच हिरवी पट्टी होती आणि दुसऱ्यापुढे सोड्याच्या बाटलीसारखी काच. मुलगा म्हणत होता, आधी आत चला. ते सरळ अंगणात गेले. मी त्यांचा हात धरून फळ्यांपर्यंत नेलं. ते वाकले, आणि रोपाचं वरचं पान बोटांत घेतलं.

दुमडलं. अंगठ्याने पाठ चाचपली.

अंधारात शेकडो पानं ज्यांनी अशी ओळखली होती त्या बोटांना हे पान ओळखायला किती वेळ लागला असेल? मामा वाकलेलेच राहिले. मग अंगठा पुन्हा एकदा पानावरून फिरला, या वेळी अगदी हळू.

“पाणी कोण घालत होतं?” त्यांनी विचारलं.

“अक्का.”

“रोज येत होती?”

“रोज.”

ते सरळ झाले. मला वाटलं, आता नाव बाहेर येणार, लग्नाच्या मांडवात आलं तसं.

“आत्ती बरी धरली आहे,” मामा म्हणाले, आणि आत गेले.

त्या दसऱ्याला त्यांनी धोतर-सदरा नवा घातला. रोपाचं एक पान खुडून उपरण्याच्या टोकात घेतलं आणि मला म्हणाले, “चला.” अक्का परसात, आईच्या झाडाखाली बसली होती. आम्हाला पाहून ती उठली नाही. मामांनी पान पुढे केलं.

“अक्का, हे घे. खरा आपटा. आमच्या अंगणातला.”

तिने पान घेतलं. उलटंसुलटं केलं. माझ्याकडे पाहिलं, मी विहिरीकडे पाहिलं.

“चोळ राजाचा तो हाच?”

“हाच.”

“नीट पाहिलास? डोळा नवा आहे.”

“हाताने पाहिलो.”

भावाचा हात काय आहे हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. डोक्यावरच्या फांदीचं एक पान वाऱ्याने तिच्या खांद्याला लागत होतं. ती फांदी तिने खाली ओढली आणि दोन्ही पानं शेजारी धरली.

“हे तर आईच्या झाडासारखंच दिसतं रे,” ती हळूच म्हणाली.

मामांनी काच सावरली. दोन्ही पानं अगदी जवळ नेऊन, पार्सलावरचा पत्ता वाचावा तशी पाहिली.

“होय की,” ते म्हणाले. “म्हणजे आई बरोबरच होती. माझं पाहण्यात चुकलं असेल.”

अक्काने पदराने नाक पुसलं. “काफी पिऊन जा,” ती म्हणाली, “आणि हे सातारा काय खांबासारखं उभं आहे, त्यालाही बसव.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या फाटकातून आली, पदर सावरत. “हे रान साफ कर,” म्हणाली.

पुढची गोष्ट गावाला ठाऊक आहे आणि गाव ती हसून सांगतं. मंदारै भराभर वाढते. थोड्याच वर्षांत तिची सावली ओट्यापर्यंत आली आणि एका कार्तिकात ती फुलली. गुलाबी, हाताएवढी, लपवता न येणारी फुलं. येणाऱ्याजाणाऱ्याला मामा तिला आत्तीच म्हणत. कॉलेजातले एक वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मुद्दाम भेटायला आले आणि अदबीने म्हणाले, “रायर, ही मंदारै आहे.” मामा म्हणाले, “तुमच्या पुस्तकात असेल.” पच्चिलै रायरांची नजर गेली, आता स्मरणही चाललं, असं लोक म्हणू लागले. डोळे बांधायचा खेळ बंद पडला. कोणी पान द्यायला येईना. हे त्यांना लागत नव्हतं असं मी म्हणणार नाही. एकदा त्यांना मी एकटंच ओट्यावर बसलेलं पाहिलं, उपरणं डोळ्यांना बांधून, हातात काही नाही.

फुलवालीला तर पर्वणीच सापडली. भर रस्त्यात तिने विचारलं, “काय रायरे, आत्तीला गुलाबी फूल कधीपासून?”

मामांनी थांबून तिच्याकडे पाहिलं. “पू विल्लुम्मा,” ते म्हणाले, “पाडम वेण्डाम.” बाई, फुलं वीक, धडा नको. आणि हसत हसत पुढे निघाले.

ते गेले तेव्हा झाड बहरात होतं. आजार फारसा नव्हता. सकाळी अक्का आली, काफी केली, हाक मारली; हाकेला उत्तर आलं नाही. मी पुढे तंजावर सोडलं, पुस्तकांत परत गेलो, आणि हे चार शब्द लिहायला मला फार दिवस लागले आहेत. अंगणातल्या प्रत्येकाचा निरोप घ्यावा तसं एकेका झाडापाशी थांबावं लागलं. आता सगळ्यांची नावं मला येतात.

मी तंजावर सोडण्याआधी आलेल्या दसऱ्याला त्या घरात सण नव्हता, मामांना जाऊन वर्ष सरलं नव्हतं. तरी संध्याकाळी अक्का आली आणि ओट्यावर माझ्या शेजारी बसली. समोर झाड. मग म्हणाली,

“अरे सातारा, त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं ना?”

“होय, अक्का.”

“मजला वाटलंच.” तिने पाय वर घेतले, पदर गुंडाळला. “नाव चुकलं की माल भलत्या घरी जातो म्हणायचा. जन्मात एक नाव चुकवलं त्याने, आणि बघ, माल बरोबर माझ्या दारी आला.”